नव्या शहरात करमायला वेळ का लागतो?

रात्री पाणी प्यायला उठलात. अंधारात हात सवयीनं भिंतीवर जातो आणि तिथे बटण नसतं. जुन्या घरात ते दाराच्या उजवीकडे, खांद्याच्या उंचीवर होतं. इथे ते डावीकडे, कपाटाच्या आड आहे. तुम्हाला हे माहीत आहे, तुमच्या हाताला अजून माहीत नाही. भिंत चाचपण्यात गेलेल्या त्या दोन-तीन सेकंदांत शहर बदलल्याचं जेवढं जाणवतं, तेवढं सामान उतरवतानाही जाणवलेलं नसतं.

फोनवर कुणी विचारलं, ‘कसं चाललंय?’, तर सांगण्यासारखी तक्रार नसते. काम ठीक, घर ठीक, माणसंही वाईट नाहीत. फक्त करमत नाही. हा शब्द मला फार नेमका वाटतो. आपण ‘मी करमतो’ म्हणत नाही, ‘मला करमतं’ म्हणतो. जशी भूक लागते, झोप येते, तसं. म्हणजे ठरवून करमवून घेता येत नाही. पण झोप यावी म्हणून अंथरूण घालता येतं, दिवा मालवता येतो. करमावं म्हणून काय घालावं आणि काय मालवावं, याबद्दल मानसशास्त्रात आणि मेंदूच्या अभ्यासात बरंच काही हाती लागलेलं आहे. ते नीट कळलं तर नव्या शहरातले पहिले महिने माणूस स्वतःला दोष देत काढणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

मी आजवर चार शहरांत बिऱ्हाड हलवलं. चारही वेळा साधारण तिसऱ्या महिन्यात ‘आपला निर्णय चुकला’ असं अगदी ठाम वाटलं. त्यातल्या तीन वेळा तो चुकलेला नव्हता. तेव्हा मला कुणीतरी सांगायला हवं होतं की रुळणं हे एक काम नाही, ती तीन वेगवेगळी कामं आहेत. जागा ओळखीची व्हावी लागते, दिवस अंगवळणी पडावा लागतो आणि माणसं जोडली जावी लागतात. पहिलं काही आठवड्यांत होतं. दुसऱ्याला महिने लागतात. तिसरं वर्षभर तरी खातं. आपण मात्र तिसरं झालं नाही म्हणून पहिली दोनही झालेली नाहीत असं धरून बसतो.

एक डोळा उघडा ठेवून झोपणं

पहिल्या रात्री नीट झोप लागत नाही, हा अनुभव सगळ्यांचा. झोपेचा अभ्यास करणाऱ्यांनाही तो इतका सवयीचा की प्रयोगशाळेतल्या पहिल्या रात्रीच्या नोंदी बहुतेक वेळा बाजूलाच ठेवतात. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली मात्र याच टाकाऊ रात्रीकडे निरखून पाहिलं. त्यांना दिसलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूच्या डाव्या बाजूचा एक भाग उजव्या बाजूइतका गाढ झोपत नाही. झोपलेल्या माणसाच्या कानाशी वेगळाच आवाज केला तर ही बाजू अधिक चटकन दखल घेते. काही दिवसांनी तीच माणसं त्याच जागी पुन्हा झोपली तेव्हा दोन बाजूंतला हा फरक दिसला नाही. डॉल्फिन आणि काही पक्षी अर्धा मेंदू जागा ठेवून झोपतात. आपल्यात त्याचा पुसटसा अंश उरलेला असावा.

तेव्हा पहिल्या आठवड्यात शहराबद्दल काहीही मत बनवू नका. ते मत तुमचं नसतं, अपुऱ्या झोपेचं असतं. सामान लावताना मी आता सगळ्यात आधी अंथरूण लावतो, तेही जुन्याच चादरीचं. बाकीची खोकी आठवडाभर तशीच राहिली तरी चालतात.

दिवसाही ही राखण चालूच असते. जुन्या शहरात दार कुठल्या बाजूला उघडतं, बस कुठे थांबते, कुठल्या वळणावर जपून जायचं, हे सगळं आपोआप होत होतं. इथे प्रत्येक गोष्टीकडे मुद्दाम बघावं लागतं. म्हणून दिवसभरात विशेष काही न करताही संध्याकाळी अंगातलं त्राण गेलेलं असतं. याला आळस म्हणू नका, उदासीही म्हणू नका. मन दिवसभर राबलेलं असतं.

डोक्यातला नकाशा

जागा ओळखीची होते म्हणजे नेमकं काय होतं? मेंदूच्या आत, साधारण कानांच्या रेषेत, दोन्ही बाजूंना हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग असतो. जॉन ओ’कीफ यांनी १९७१ मध्ये उंदरांवर काम करताना तिथे अशा पेशी पाहिल्या, ज्या उंदीर एका ठरावीक जागी आला की चेततात. दुसऱ्या जागी गेला की दुसऱ्या पेशी. यांना ‘प्लेस सेल्स’ म्हणतात. पुढे २००५ मध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना हिप्पोकॅम्पसच्या शेजारच्या भागात आणखी एका तऱ्हेच्या पेशी सापडल्या. त्या सगळ्या जागेवर षटकोनी जाळं पसरल्यासारख्या, ठरावीक अंतराअंतरावर चेततात, जणू आलेखाचा कागद. या कामासाठी तिघांना २०१४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. ‘डोक्यात नकाशा असतो’ हे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो, पण ते बरंचसं खरं आहे.

हा नकाशा वापरानं तयार होतो. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना हवा असेल तर शहराच्या मध्यापासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५,००० रस्ते पाठ असावे लागतात. त्याच्या तयारीत तीन-चार वर्षं जातात. एलिनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. पुढच्या एका अभ्यासात त्यांनी शिकाऊ चालकांवर काही वर्षं लक्ष ठेवलं. जे परीक्षा पास झाले त्यांच्यात ही वाढ दिसली, जे झाले नाहीत त्यांच्यात दिसली नाही.

आता हा नकाशा तयार होऊ न देण्याचा सोपा उपाय आपल्या खिशातच असतो. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या एका प्रयोगात, जो २०१७ साली प्रसिद्ध झाला, काही लोकांना संगणकावर सोहो भागातल्या गल्ल्यांमधून वाट काढायला सांगितलं आणि तेव्हा त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. स्वतः वाट शोधताना नव्या रस्त्यावर शिरलं की हिप्पोकॅम्पसमध्ये हालचाल वाढत होती. ‘डावीकडे वळा, उजवीकडे वळा’ अशा सूचनांबरहुकूम चालताना ती वाढत नव्हती. फोन पोहोचवतो, पण रस्ता शिकवत नाही. घाईच्या वेळी फोन खुशाल वापरा. परतीच्या वाटेवर मात्र तो खिशात ठेवा. वाट थोडी चुकलीच तर चुकू द्या.

हे मी उगाच सांगत नाही. तिसऱ्या शहरात मला दोन ठिकाणं चांगली माहीत होती. एक बाग, जिथे मी सकाळी जायचो, आणि एक बसथांबा, जिथे कामावरून येताना बस बदलायचो. दोन्हींकडे जायचे रस्ते वेगळे, म्हणून माझ्या डोक्यात त्या दोन जागा शहराच्या दोन टोकांना होत्या. दीड महिन्यानंतर एका संध्याकाळी बस आली नाही, म्हणून थांब्यामागच्या गल्लीत शिरलो. दोन वळणं घेतली आणि समोर बागेचं मागचं फाटक. पाच मिनिटांचं अंतर. मी तिथेच उभा राहिलो. डोक्यातले दोन तुकडे एकमेकांना येऊन जुळले, हे अक्षरशः जाणवलं. नवं शहर सुरुवातीला नुसत्या ठिपक्यांचं असतं. घर, काम, स्टेशन, दवाखाना. मधलं सगळं कोरं. ते कोरं पायी चालल्याशिवाय भरत नाही. गाडीच्या काचेतून तर त्याहून कमी भरतं.

दिवसाची घडी

सवयींबद्दल थोडक्यात सांगतो, कारण इथे करण्यासारखं एकच आहे. आपल्या बहुतेक सवयी जागेला बांधलेल्या असतात. जागा सुटली की त्याही सुटतात. म्हणून वर्षानुवर्षं नेमानं व्यायाम करणारा माणूस शहर बदलल्यावर महिनाभर घराबाहेर पडत नाही आणि ‘माझी शिस्तच गेली’ म्हणून हळहळतो. शिस्त गेलेली नसते, तिची खुंटी गेलेली असते. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एखादी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला त्याच्या वेगानं २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. याची दुसरी, चांगली बाजू अशी की घर बदलल्यानंतरच्या पहिल्या तीनेक महिन्यांत नवी सवय लावणं तुलनेनं सोपं जातं. जुन्या खुंट्या नसतात, नव्या अजून ठोकलेल्या नसतात. तेव्हा या काळात दिवसातली एक गोष्ट, एकच, एका वेळेला आणि एका जागी करायची असं ठरवा. पुढच्या भागात याचा उपयोग आहे.

तोंडओळखीची ताकद

नव्या शहरात आल्यावर सगळे सल्ला देतात, ‘मित्र कर.’ मला हा सल्ला उलट्या टोकाचा वाटतो. मैत्रीच्या आधी एक पायरी असते, आणि मराठीत तिला नेटकं नाव आहे: तोंडओळख. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, पण चेहरा माहीत आहे. स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९७२ मध्ये नेमक्या याच नात्यावर लिहिलं. त्यांच्या विद्यार्थ्यांनी रेल्वे फलाटावर उभ्या असलेल्या लोकांचे फोटो काढले आणि तेच फोटो नंतर त्या लोकांना दाखवून विचारलं, यातलं कोण ओळखीचं वाटतं? प्रत्येकाला सरासरी चार चेहरे ओळखीचे निघाले, ज्यांच्याशी ते कधी एक शब्दही बोललेले नव्हते. मिलग्रॅम यांनी आणखी एक गोष्ट टिपली. अशी दोन माणसं नेहमीच्या जागेपासून जितकी दूर भेटतील, तितकी ती एकमेकांशी बोलण्याची शक्यता जास्त.

हे मी अनुभवलं आहे. सकाळी आठ-चाळीसच्या बसला एक गृहस्थ असायचे. पासष्टीच्या आसपासचे, हातात नेहमी दोरीची फाइल. सात महिने आम्ही एकाच थांब्यावर उभे होतो. पहिले दोन महिने नुसतं बघणं. मग मान हलवणं. त्यापलीकडे काही नाही. एकदा शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका रुग्णालयाच्या रांगेत, ते माझ्या पुढे उभे दिसले. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि आम्ही दोघंही असे हसलो की शेजारच्या बाईंना वाटलं असेल, नातलग भेटले. ते म्हणाले, ‘अहो, तुम्ही इकडे कुठे? सगळं ठीक ना?’ ‘सगळं ठीक ना’ असं त्या शहरात मला कुणी पहिल्यांदा विचारलं ते त्यांनी. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही.

नुसतं वारंवार दिसणं इतकं काम कसं करतं? रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट केवळ पुन्हा पुन्हा समोर आल्यानंही आवडू लागते. तिच्याबद्दल काही कळावं लागतं असंही नाही. पुढे १९९२ मध्ये दोन संशोधकांनी एका वर्गासाठी चार मुली निवडल्या. एक कधीच आली नाही, दुसरी पाच तासांना आली, तिसरी दहा, चौथी पंधरा. कुणाशीही बोलायचं नाही, नुसतं येऊन बसायचं. सत्र संपल्यावर वर्गाला त्यांचे फोटो दाखवले, तर जी जास्त वेळा आली होती ती जास्त आवडली. हे एकतर्फी नाही, हे ध्यानात घ्या. शहराचे चेहरे तुमच्या ओळखीचे होत असतात, तेव्हाच तुमचा चेहराही शहराच्या ओळखीचा होत असतो.

म्हणून एक वेळ, एक जागा. वाचनालय असेल, मैदान असेल, पोहण्याचा तलाव असेल. रोज नवीन ठिकाण पालथं घालण्यापेक्षा एकाच ठिकाणी, एकाच वेळेला जात राहा. बोलायला सुचत नसेल तर बोलू नका. मान हलवा. कॅनडातल्या दोन मानसशास्त्रज्ञ, जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन, यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की ज्या दिवशी माणसांची अशा वरवरच्या ओळखीच्यांशी नेहमीपेक्षा जास्त गाठ पडली, त्या दिवशी त्यांना जास्त बरं वाटलं आणि आपण इथले आहोत असंही जास्त वाटलं. वरवरच्या ओळखी म्हणजे वेळेचा अपव्यय असं मानणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

मैत्रीला लागणारे तास

तरीही जिवाभावाचं माणूस हवंच. इथे मला एक आकडा फार धीराचा वाटतो. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गेल्या सहा महिन्यांत नव्या गावी राहायला गेलेल्या प्रौढांनाच विचारलं: तिथे भेटलेल्या एका नव्या माणसाबरोबर तुम्ही किती वेळ घालवला, आणि आता तुमचं नातं काय? सोबत विद्यापीठात नव्यानं आलेल्या विद्यार्थ्यांनाही तपासलं. ओळखीचं रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला सुमारे ५० तास लागले, मित्र म्हणायला ९०, आणि जवळचा मित्र व्हायला २०० हून अधिक. कामाच्या निमित्तानं सोबत काढलेले तास त्यात फारसे मोजले जात नाहीत, असंही दिसलं.

आता हिशेब करा. एखाद्याला तुम्ही आठवड्याला तीन तास भेटलात, तर २०० तास व्हायला सुमारे ६७ आठवडे लागतात. सव्वा वर्ष. चार महिन्यांत जिवलग मिळाला नाही म्हणून ‘मला माणसं जोडता येत नाहीत’ असं ठरवणं हा स्वतःवर अन्याय आहे. तास अजून भरलेले नाहीत, इतकाच त्याचा अर्थ.

आणि हे तास कुठे भरतात? जिथे तीच माणसं पुन्हा भेटतात तिथे. पन्नास अनोळखी लोकांच्या एका मोठ्या मेळाव्यापेक्षा आठ जणांचा दर आठवड्याचा गायनाचा वर्ग कितीतरी पटीनं बरा. दुसऱ्या महायुद्धानंतर लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी एमआयटीच्या विद्यार्थ्यांच्या वसाहतीत पाहणी केली, ती १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. कोण कुणाचा मित्र हे बरंचसं दारांमधल्या अंतरावर ठरत होतं. अगदी शेजारच्या दारातल्यांपैकी ४१ टक्के जवळचे मित्र म्हणून सांगितले गेले. त्याच मजल्यावरच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्के होतं. जिन्याच्या पायथ्याशी आणि टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर जास्त ओळखी होत्या, कारण येता-जाता सगळे त्यांच्याच दारावरून जात. शेजाऱ्याकडे शिडी किंवा पकड मागायला संकोचू नका. मागायला एकदा, परत द्यायला एकदा, अशी दोनदा गाठ पडते.

मागचं आठवणं

मागच्या गावाची ओढ लागणं हा कमकुवतपणा समजला जातो. एके काळी तर तो रोगच होता. योहानेस होफर या स्विस विद्यार्थ्यानं १६८८ मध्ये बाझेलला वैद्यकीय प्रबंध लिहिला आणि घराच्या ओढीनं खंगत जाणाऱ्यांसाठी ग्रीकमधले ‘परतणं’ आणि ‘वेदना’ हे दोन शब्द जोडून ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला. मुख्य उपाय: घरी पाठवा. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ पासून केलेल्या कामातून मात्र वेगळं चित्र पुढे आलं आहे. एकटं वाटलं की माणूस जुनं आठवतो, आणि ते आठवल्यानं आपण कुणाचे तरी आहोत ही जाणीव परत घट्ट होते. तेव्हा आठवणीला हाकलू नका. जुने फोटो भिंतीवर लावा, जुन्या माणसांना फोन करा. फक्त रोजची सगळी संध्याकाळ त्या फोनवरच जात असेल, तर इथले तास भरायला उरत नाहीत, एवढं पाहा.

‘आधी आनंद, मग खच्ची होणं, मग सावरणं’ अशी एक पन्हाळीच्या आकाराची रेघ तुम्हाला कुणीतरी दाखवेल. तिचा उगम स्वेरे लिसगार्ड यांच्या १९५५ च्या लेखात आहे. अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे २०० नॉर्वेजियन अभ्यासकांशी बोलून त्यांनी ती मांडली. पण पुढे न्यूझीलंडमध्ये शिकायला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांवर वर्षभर लक्ष ठेवलं तेव्हा त्रास सगळ्यात जास्त अगदी सुरुवातीला दिसला, नंतर तो कमी होत गेला. म्हणजे ठरलेली वाट नाही. तुमचा पहिला महिना वाईट गेला आणि शेजाऱ्याचा छान गेला, तर दोन्ही स्वाभाविक आहे. मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक उडाली, आवडती गोष्टही नकोशी झाली, जगणंच नको वाटलं, तर ते ‘करमत नाही’च्या पलीकडचं आहे. तिथे वाट पाहू नये, डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जावं.

आणि कधी कधी शहर खरंच आपलं नसतं. माझ्या चारपैकी एका शहराच्या बाबतीत तसं झालं. पण ते कळलं दीड वर्षानं, तिन्ही कामं झाल्यावर. रस्ते पाठ होते, दिवसाची घडी बसली होती, दोन चांगले मित्र होते, आणि तरी तिथली दगदग मला झेपत नव्हती. तिसऱ्या महिन्यातलं ‘चुकलं’ आणि हे ‘चुकलं’ यांत फार फरक होता. पहिल्यात घालमेल होती, दुसऱ्यात शांतपणा.

आता जिथे राहतो तिथे पहिलं वर्षभर मी फोनवर ‘खोलीवर पोहोचलो’ असंच सांगायचो. हा बदल कधी झाला ते मला कळलं नाही, आईला कळलं. मी तिच्याकडे चार दिवस राहायला गेलो होतो. बॅग भरता भरता सहज म्हणालो, ‘उद्या रात्रीपर्यंत घरी पोहोचेन.’ ती माझे कपडे घडी करत होती. हात थांबले, तिनं माझ्याकडे पाहिलं. मग उरलेला शर्ट घडी करून बॅगेत ठेवला आणि म्हणाली, ‘घरी पोहोचलास की फोन कर.’